अर्जात ‘तोडणे’ लिहू नका

नमस्कार. आपले गाव तळ्याकाठी आहे, नगरपालिकेने ‘मान्सूनपूर्व वृक्षछाटणी पूर्ण’ अशी बातमी दिली आहे, आणि तरीही आपल्या इमारतीच्या कुंपणालगतच्या पर्जन्यवृक्षाला कोणी हात लावलेला नाही. आता ते झाडच तोडून टाकण्यासाठी अर्ज करावा काय, असे आपण विचारले आहे. हे वाचून चार वर्षांपूर्वीचा आमचा पावसाळा जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला, म्हणून इतके लांब उत्तर लिहीत आहे. मी त्या वेळी आमच्या चोवीस सदनिकांच्या सोसायटीची सचिव होते. कायद्याचे शिक्षण मला नाही, आणि नगरपरिषद व महापालिका यांच्या कार्यपद्धतीत फरक असतो, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

प्रथम त्या बातमीविषयी. ‘पूर्ण’ हा शब्द साधारणतः सार्वजनिक रस्त्यांवरच्या झाडांपुरता असतो; आवारातल्या झाडाची छाटणी परवानगी घेऊन, स्वखर्चाने आपणच करायची असते. तळ्याकाठी यात आणखी एक पेच पडतो. काठावरची पट्टी नगरपालिकेची असेलच असे नाही. ती महसूल खात्याची किंवा पाटबंधारे विभागाचीही असू शकते. त्यामुळे झाडाचे खोड नेमके कोणाच्या हद्दीत आहे, हे अर्जापूर्वी नकाशावर पाहून घ्या. फांद्या आपल्या छपरावर आल्या म्हणून झाड आपले होत नाही.

आता ज्या चुकीने आमचे सर्वाधिक नुकसान केले, ती सांगते. आमच्या पर्जन्यवृक्षाची एकच मोठी फांदी धोकादायक होती. ती जिथे खोडाला मिळत होती, त्या बेचक्यात वीतभर लांबीची चीर पडली होती, तिच्यातून काळपट पाणी झिरपत असे आणि मुंग्यांची रांग आत-बाहेर करीत असे. आम्हाला तेवढीच फांदी उतरवून हवी होती. परंतु मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात घाईघाईने अर्ज लिहिताना मी ‘सदर झाड धोकादायक झाले असून ते तोडण्यास परवानगी मिळावी’ असे लिहिले. मनात फांदी होती आणि कागदावर झाड उतरले. खिडकीवरच्या लिपिकाने शिक्का मारून अर्ज ठेवून घेतला. तुम्हाला तोड हवी आहे की छाटणी, एवढा एक प्रश्न त्याने विचारला असता, तर हे उत्तर लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

या दोन शब्दांत कागदोपत्री फार मोठे अंतर आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ या कायद्यात ‘तोडणे’ याची व्याख्या व्यापक असून जाळणे, कापणे आणि झाडाला इजा करणे हेही तिच्यात येते, त्यामुळे फांदीलासुद्धा परस्पर कुऱ्हाड लावता येत नाही. मात्र छाटणीचा अर्ज बहुतेक ठिकाणी उद्यान विभागाच्या पातळीवर, जागेची पाहणी करून निकाली निघतो. संपूर्ण झाड तोडायचे म्हटले की वृक्ष अधिकाऱ्याची चौकशी, वर्तमानपत्रात आणि झाडावर जाहीर नोटीस, नागरिकांच्या हरकती, असा सगळा प्रवास सुरू होतो. झाडाचे वय पन्नास वर्षे किंवा अधिक असेल, तर २०२१ च्या दुरुस्तीने आणलेली ‘वारसा वृक्ष’ ही तरतूद लागू होऊन प्रकरण आणखी काटेकोर होते. झाडे वाचावीत म्हणून ही व्यवस्था आहे, आणि ती तशीच असावी, असे माझेही मत आहे. आम्ही मात्र नको त्या दारातून आत शिरलो होतो.

जूनच्या मध्यावर एका सकाळी झाडावर हरकती मागवणारी नोटीस लागली, तीही खिळ्याने ठोकून. तळ्याभोवती फिरायला येणाऱ्यांनी ती वाचली आणि दोन दिवसांत आमच्या फाटकाशी वीस-पंचवीस माणसे जमली. त्यांतील निम्मे लोक माझ्या रोजच्या ओळखीचे होते. झाड आम्हालाही हवेच आहे, हे मी परोपरीने सांगितले, पण माझ्याच सहीचा अर्ज त्यांच्या हाती होता. अर्ज दिला होता त्याच कार्यालयात जाऊन ‘निदान तेवढी एक फांदी उतरवू द्या’ अशी विनंती केली, तेव्हा उत्तर मिळाले की प्रकरण वृक्ष प्राधिकरणापुढे, म्हणजे झाडतोडीची परवानगी ठरवणाऱ्या समितीपुढे, असल्यामुळे आता फांदीलाही हात लावता येणार नाही. छाटणीसाठी नवा अर्ज करायचा असेल तर आधीचा मागे घ्यावा लागेल, आणि तो मागे घेण्यासाठी सोसायटीच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत लागेल. ठराव केला, तर संबंधित साहेब रजेवर होते. ते रुजू झाले, तेव्हा फाइल दुसऱ्या टेबलावर गेलेली होती. त्या टेबलावरून मला पुन्हा पहिल्या खिडकीकडे पाठवण्यात आले. अजूनही तो जिना चढण्याची वेळ आली की माझे गुडघे दुखू लागतात, आणि त्याला कारण केवळ वय नाही.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, पहाटे तीनच्या सुमारास फांदी कोसळली. दुचाकींची शेड आणि कुंपणाची बारा फूट भिंत तिच्याखाली गेली. सुदैवाने माणूस कोणी नव्हते. दुरुस्तीला एक लाख चाळीस हजार रुपये लागले. उजाडल्यावर खाली उतरलो, तर चिखलात बगळ्यांची तीन घरटी पडलेली होती, फिकट निळ्या कवचांचे तुकडे होते, आणि अंगावर पुरती पिसेही न आलेली दोन पिले होती. रखवालदाराने ती खोक्यात उचलून ठेवली; दुपारपर्यंत दोन्ही गेली.

म्हणूनच जूनमधल्या छाटणीला माझा विरोध आहे, हे स्पष्टपणे लिहिते. तळ्याकाठच्या मोठ्या झाडांवर गायबगळे, रातबगळे आणि पाणकावळे पावसाळ्यातच वीण घालतात, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पक्ष्यांची अंडी नष्ट करणे किंवा घरट्यांना उपद्रव देणे ही शिकारीच्या व्याख्येत बसणारी गोष्ट आहे. छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावी. मे महिन्यात ती ‘मान्सूनपूर्व’ म्हणून साजरी करणे ही निव्वळ सवय आहे. ठेकेदार शिडीची गाडी जिथे पोहोचते त्या रस्त्याकडच्या फांद्या छाटून मोकळे होतात आणि तळ्याकडची बाजू तशीच ठेवतात, हेही ध्यानात घ्या. उजेडासाठी आधीच पाण्याकडे झुकलेले झाड त्यामुळे आणखी एका अंगाला जड होते.

आपल्या बाबतीत आज जून सुरू झालेला आहे, तेव्हा मी असे करीन: अर्जात ‘तोडणे’ हा शब्द कोठेही येऊ देणार नाही. ‘पूर्वेकडील, जमिनीपासून सुमारे अठरा फुटांवरील, चीर गेलेली एक फांदी उतरवणे’ इतक्या नेमकेपणाने लिहीन, चिरेचे छायाचित्र जोडीन, आणि फांदीवर घरटे आहे की नाही, हेही त्यातच नमूद करीन. घरटे असेल, तर वन विभागाला विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही. तोवर फांदीखालच्या गाड्या हलवीन आणि तेथे दोरी बांधीन. अर्जाची पोच आवक क्रमांकासह घेईन आणि एक प्रत आपत्ती व्यवस्थापन कक्षाला देईन, कारण पावसाळ्यात चोवीस तास उघडी असणारी खिडकी बहुधा तेवढीच असते. फांदीजवळून विजेच्या तारा जात असतील, तर पुरवठा बंद ठेवण्यासाठी वेगळे पत्र लागेल. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा आणि त्यांची मुदत कार्यालयातील फलकावर लावणे बंधनकारक आहे. छाटणीची परवानगी त्या यादीत असेल, तर अपिलाचा मार्गही खुला होतो.

थोडे विषयांतर, पण उपयोगाचे. वाहनाचा विमा केवळ तृतीय पक्षाचा असेल, तर झाड पडून झालेल्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. भरपाई सर्वसमावेशक विम्यातच मिळते, आणि त्यासाठी फांदी हलवण्यापूर्वीची छायाचित्रे व पंचनामा उपयोगी पडतो. आमच्या अकरा दुचाकींपैकी चौघांनाच काही मिळाले. तसेच सुशोभीकरणाच्या नावाखाली काठावरच्या झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले असतील, तर ते काढून घेण्याची मागणी याच अर्जात न करता वेगळ्या अर्जाने करा. दोन मागण्या एकत्र असल्या की कागद दोन टेबलांमध्ये अडकतो.

आणि उतरवलेले ओंडके कोण, किती दिवसांत उचलणार, हे परवानगीच्या पत्रातच लिहून घ्या. आमचे होळीपर्यंत फाटकाशी पडून होते.