आजीची बोरमाळ हलकी लागते, हॉलमार्क नाही. खोटी असेल का? साफ कशी करायची?

हॉलमार्कचं सोडा. ते सुरू झालं २००० साली आणि सक्तीचं झालं जून २०२१ मध्ये. माझ्या आज्जीचं लग्न पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचं, म्हणजे १९४८ च्या अगोदरचं, सोनं निजामाच्या हाली रुपयांत घेतलेलं. त्यावर छाप कुठून येणार?

हलकी लागते ती लाखेमुळं. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे, पोकळ. चेपू नयेत म्हणून आत लाख भरतात. हे मला फार उशिरा कळलं.

आज्जी गेल्यावर माळ आमच्याकडं होती. ती कायम म्हणायची, "तीन तोळ्याची हाय." पुतणीच्या लग्नात दादा म्हणाला, मोडू. लातूरला सराफाकडं काटा केला, ३५ ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे तीन तोळे, आज्जी खरीच. कसोटीवर घासून तेजाब टाकलं, रेघ तशीच राहिली; पितळ असतं तर उडाली असती. मग मुशीत आटवली. दुकानभर लाख जळाल्याचा वास, आणि हातात आलं साडेअठरा ग्रॅम.

दादा तिथं गप्प बसला. घरी आल्यावर वहिनी माझ्या बायकोकडं बघत म्हणाल्या, "मणी बदलले असतील कुणीतरी." त्यानंतर दोन दिवाळ्या आम्ही वेगळ्या केल्या.

आटवण्याआधी एक मणी फुटला होता. त्यातला विटकरी रंगाचा खडा मी उचलून काडेपेटीत ठेवलाय. नखानं टोकरलं की चुरा होतो, दिव्याजवळ धरला की मऊ पडतो. साडेसोळा ग्रॅम हेच होतं, दुसरं काही नाही.

म्हणून सांगतो, मोडायचीच असेल तर आधी लाख काढून सोन्याचा वेगळा काटा करा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. घरातले सगळे समोर पाहिजेत, वहिनीसकट. कॅरेट मशीन वरचाच थर बघतं, जाड मुलामा असला तर फसतं. डाग (टाका) दिलेल्या जोडावर लावलं तर कस कमी दाखवतं, तेवढ्यावरून माळ खोटी ठरवू नका. खरं तर मोडूच नका. आम्ही मोडली आणि काय मिळवलं?

साफ करायला गार पाण्यात रिठा, मऊ ब्रश, लगेच कोरडं करा. गरम पाणी नको, लाख पाघळते. दोरा कुजका असेल तर आधी पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या.

आता सगळ्याच बोरमाळांत लाख असते असं नाही, काही नुसत्या पोकळ असतात. आणि हे मोत्याच्या नथीला लागू नाही, ती पाण्यात घालायचीच नाही.

माझी पुतणी इथली उत्तरं वाचते म्हणे. बाळा, वडलांना सांग, काडेपेटी अजून कपाटात आहे. येऊन बघा म्हणावं.