'बोलत होते' की 'बोलायचे'?

सांगलीत स्पॅनिश शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे: 'आब्लार' म्हणजे बोलणे, त्याचं अपूर्ण भूतकाळातलं रूप 'आब्लाबा'. त्याचा अर्थ एका ठिकाणी 'बोलत होते' दिलाय, दुसऱ्या ठिकाणी 'बोलायचे'. खरा कुठला?

दोन्ही खरे. चालू असलेली क्रिया आणि नेहमीची सवय, दोन्हींना स्पॅनिशमध्ये हा एकच काळ चालतो. 'पाऊस पडत होता' म्हणजे 'योबीआ', आणि 'तेव्हा खूप पाऊस पडायचा' यातही 'योबीआ'च.

रूपं सोपी आहेत (मी, तू, तो-ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने): आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. 'एर' आणि 'ईर' अंताच्या क्रियापदांना 'ईआ' लागतो, म्हणून 'कोमेर' (खाणे) चं कोमीआ, कोमीआस वगैरे. अनियमित क्रियापदं फक्त तीन: सेर (असणे) चं एरा, ईर (जाणे) चं ईबा, बेर (पाहणे) चं बेईआ. इतका गरीब स्वभावाचा भूतकाळ मी दुसरीकडे पाहिला नाही.

'मी' आणि 'तो-ती' यांचं रूप एकच, म्हणून घोटाळा होईल तिथे सर्वनाम घालतात. याचं नवल वाटायला नको. आपला रीतिभूतकाळ (पूर्वीची सवय सांगणारा काळ) बघा: मी करी, तू करीस, तो करी, ते करीत. तिथेही पहिला आणि तिसरा पुरुष सारखाच. 'तू'चा 'स' तर दोन्हीकडे एकाच घराण्यातला आहे: संस्कृत 'गच्छसि' (तू जातोस), आणि स्पॅनिश जिच्यातून आली त्या लॅटिनमधलं 'अमास' (तू प्रेम करतोस). अनेकवचनी 'गच्छन्ति' आणि लॅटिन 'अमन्त' यांतल्या 'न्त'मधला 'न' स्पॅनिशने ठेवला (आब्लाबान), 'त' मराठीने (करीत). नातं मात्र या पुरुषवाचक प्रत्ययांपुरतंच. 'करी' मुळात वर्तमानकाळी रूप, 'देव तारी त्याला कोण मारी' या म्हणीत ते अजून तसंच टिकून आहे. स्पॅनिशचा 'बा' लॅटिनच्या भूतकाळातूनच आलेला.

बोलायचा-बोलायची असा लिंगभेदही तिकडे नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या मुली 'मी जातो, मी येतो' म्हणतात, त्यांना हे जड जाऊ नये!

आता खरी अडचण. मराठीत 'बोललो' आलं की साधा भूतकाळ, 'बोलत होतो' किंवा 'बोलायचो' आलं की अपूर्ण, हा आडाखा बहुतेक वेळा चालतो. 'मला माहीत होतं' म्हणजे 'साबीआ' आणि 'मला कळलं' म्हणजे 'सुपे', एकाच 'साबेर' क्रियापदाची ही दोन रूपं. मराठीला दोन शब्द लागतात तिथे स्पॅनिश नुसता काळ बदलते. पण मुदत सांगितली की आडाखा फसतो. 'मी दोन वर्षं मिरजेत राहत होते' हे आपल्याकडे अगदी सहज वाक्य. स्पॅनिशमध्ये मात्र ती दोन वर्षं संपून हिशेब मिटलेला असतो, म्हणून 'बिबीआ' नाही, साधा भूतकाळ 'बिबी' हवा. 'मी मिरजेत राहत होते, तेव्हा सायकलने कॉलेजला जायचे' असं मुदतीशिवाय म्हटलं तर मात्र 'बिबीआ' आणि 'ईबा'.

'सिनेमा छान होता' यात 'एरा' घालायचं की साधा भूतकाळ 'फुए', हे मराठी वाक्यावरून ठरवता येत नाही. संपलेल्या सिनेमाबद्दल एकूण मत द्यायचं तर 'फुए', गोष्ट सांगताना तिची पार्श्वभूमी रंगवायची तर 'एरा'.