पाराना बघायला जाऊ का?

प्रश्न : पोरगा अर्जेंटिनात नोकरीला आहे, जुलैमधे या म्हणतो, पाराना शहर दाखवतो. आम्ही रावेरचे केळीवाले, तिथं बघू काय?

उत्तर : जा की भाऊ! एंत्रे रिओस प्रांताची राजधानी आहे ती, प्रांताच्या नावाचा अर्थच 'नद्यांच्या मधे', एका बाजूला पाराना नदी नि दुसरीकडं उरुग्वाय नदी, त्यामुळं भात, सोयाबीन, संत्री सगळं पिकतं. संध्याकाळी उर्किसा पार्कच्या उतारावर बसा, खाली नदी एवढी रुंद की आपली तापी नाला वाटेल (तापीमाय माफ कर). समोरच्या सांता फे शहराला जायला नदीच्या पोटातून बोगदा आहे, १९६९ चा, जवळपास २.४ किलोमीटर, तो चुकवू नका. जुलैत तिकडं हिवाळा, स्वेटर घ्या. नि माळकरी असाल तर कळण्याचं पीठ बॅगेत टाकाच, तिथं जेवण म्हणजे मांसच, तेही बहुतेक गाईचं.