गरोदर बाईचं वजन : नव्या फॅमिली डॉक्टरांसाठी

डॉक्टर, कोल्हापुरात दवाखाना उघडलात, छान केलंत. बाळंतपण प्रसूतितज्ज्ञांकडे होईल, पण सर्दी-खोकल्याला घरचे सगळे तुमच्याकडेच येणार. म्हणून वजनाचा विषय तुम्हीच काढा.

आधी गरोदरपणापूर्वीचं वजन आणि उंची लिहून घ्या. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) १८.५ ते २४.९ असेल तर पूर्ण गरोदरपणात साधारण ११.५ ते १६ किलो वाढ ठीक. बीएमआय २५ पासून पुढे असेल तर ७ ते ११.५ किलो, ३० पासून पुढे ५ ते ९ किलो. सगळ्यांना एकच आकडा सांगणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

मी सुरुवातीला एकीला सासूसमोरच रागावलो. ती परत काट्यावर चढलीच नाही, आजही वाईट वाटतं. आधी तिच्याशी एकटीशी बोला. ‘दोन जिवांचं खा’ म्हणणाऱ्या सासूबाईंना नंतर, प्रेमानं.

आणखी थोडं:
- वजन उतरवायचं डाएट देऊ नका.
- दूध हवं, पण उकळलेलं. आपल्या गंगावेशीतलं धारोष्ण, न उकळलेलं, आत्ता नको.
- माहेरी जाताना वजनाच्या नोंदी सोबत द्या.
- वजन एकदम चढलं, चेहरा सुजला, डोकं दुखतंय? आहारावर बोलत बसू नका. बीपी आणि लघवीतलं प्रोटीन बघा, त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवा.