नजर कमी होत चालली असेल तर मुंबईच्या थंडीत सकाळी एकट्याने फिरायला जावं का?

काचबिंदूमुळे कडेचं दिसेनासं झालंय, घरचे एकट्याला सोडायला तयार नाहीत, तरी डिसेंबर-जानेवारीची सकाळ चुकवायची नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग जाच. फक्त पहाटे पाचला नको.

मला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आजार. मधलं थोडं दिसतं, अंधारात शून्य. जानेवारीत मुंबईत सूर्य उगवायलाच सव्वासात होतात. फिरायचं तर पहाटेच, हा आपल्याकडचा हट्ट डोळसांना परवडतो. शिवाय थंडीत वारा पडलेला असतो, धुरकं खालीच साचून राहतं. त्यामुळे मी साडेसातनंतरच बाहेर पडतो. निघण्याआधी फोनवर ‘समीर’ ॲपमध्ये हवेच्या प्रदूषणाचा आकडा ऐकतो. फार चढलेला असेल तर बेत रद्द.

उजेड झाला की दुसरी कटकट सुरू होते. थंडीत सूर्य बराच वेळ खाली रेंगाळतो, सरळ डोळ्यांत घुसतो. शिवाजी पार्कच्या फेरीत एक बाजू अशी येतेच. तिथे झाडांच्या लांबलचक सावल्या फुटपाथवर आडव्या पडतात आणि प्रत्येक सावली खणलेल्या चरासारखी दिसते. (मुंबईत ती कधीकधी खरोखरच चर असते, म्हणून नुसतं ‘सावलीच असेल’ म्हणून पाय टाकायचा नाही.) काठीचं टोक पुढे फिरवलं की पेव्हर ब्लॉकचा खरखर आवाज आला तर सावली, टोक खाली गेलं तर खड्डा. पुढे छज्जा असलेली टोपी आणि पिवळसर काचांचा चष्मा, या दोन गोष्टींनी मला बराच फरक पडला. काच कोणती ते तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. टोपीचा आणखी एक फायदा म्हणजे खाली आलेली फांदी किंवा टेम्पोचं उघडं दार काठीला कळत नाही, ते आधी छज्ज्याला लागतं.

पांढरी काठी घ्यायला लाजत असाल तर एवढंच सांगतो, काठी दिसली की पळणारे बाजूने जातात. नाहीतर ‘दिसत नाही का?’ ऐकावं लागतं, आणि त्यावर खरं उत्तर दिलं की समोरचाच ओशाळतो. ती वापरायचं शिक्षण मात्र नीट घ्या. वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडे मोबिलिटी ट्रेनिंगची चौकशी करा.

सुरुवात कुठे करावी? मी म्हणेन, मरीन ड्राइव्ह. समुद्र पश्चिमेला, म्हणजे सकाळी ऊन इमारतींच्या मागे अडलेलं असतं. उजेड भरपूर, पण डोळ्यांवर येत नाही. रुंद, सपाट, मध्ये दुचाकी नाही. गिरगाव चौपाटीकडून नरिमन पॉइंटकडे निघालात की समुद्र सतत उजव्या हाताला; कानच वाट दाखवतात. संध्याकाळी सगळं उलट होतं. मावळता सूर्य पाण्यावरून दुप्पट होऊन डोळ्यांत येतो आणि सहानंतर झपकन अंधार. आम्हा आरपीवाल्यांसाठी ती वेळच नाही. लोकलने येणार असाल तर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे प्लॅटफॉर्मवर बीप वाजतो, त्याच्या रोखाने उभे राहा. समोरचा रस्ता ओलांडताना मात्र कुणाला तरी हाक मारा, तिथे शौर्य नको.

शिवाजी पार्कला सव्वा किलोमीटरच्या आसपास फेरी होते आणि कट्टा धरून चालता येतं, पण कट्ट्यावर पाय सोडून बसलेल्यांची नडगी काठीला सापडते. थंडीत कुत्रीही उन्हाचा तुकडा बघून नेमकी वाटेत पसरतात. 6 डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीसाठी मोठी गर्दी आणि मांडव असतात, सरावाच्या खुणा हलतात. ते दिवस मी सोडतो. एरवी तिथे बसूनही मजा येते. नेटमध्ये बॅटला बॉल मधोमध लागला की कडेला, हे आवाजावरून ओळखायचा मला नाद आहे. डिसेंबरात बुचाचं झाड कुठे फुललंय तेही नाकालाच कळतं, मग पायाखाली त्या लांब देठांच्या फुलांचा मऊ थर लागतो.

घरच्यांना आधी एकदा बरोबर न्या. फक्त त्यांना सांगा, हात धरून ओढायचं नाही. त्यांनी कोपर द्यायचं, तुम्ही ते धरून अर्धं पाऊल मागे चालायचं. पायरी आली की त्यांचं अंग खालीवर झालेलं तुम्हाला आपोआप कळतं. आणि वाटेत गप्पा मारायच्या, ‘डावीकडे खांब, उजवीकडे खड्डा’ अशी कॉमेंट्री नको.