अमेरिकेतल्या कॉलेजची लोकल फ्रॅटर्निटी म्हणजे काय, आणि त्यात माजी विद्यार्थ्यांचा एवढा काय संबंध असतो?

फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलांची संघटना, नवे मेंबर ती स्वतः निवडते आणि बऱ्याचदा पोरं एकाच घरात राहतात. लोकल म्हणजे कुठल्याही राष्ट्रीय संघटनेची शाखा नसलेली, एकाच कॉलेजपुरती. पण ती लोकल का झाली हे नक्की बघा, कारण कधीकधी खरा इतिहास तिथेच असतो.

माझ्या मते यातलं सगळ्यात भारी उदाहरण मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट कॉलेजचं. तिथे फाय कप्पा साय या राष्ट्रीय फ्रॅटर्निटीची शाखा १८९५ पासून होती. १९४८ ला तिथल्या पोरांनी थॉमस गिब्ज या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला आपल्यात घ्यायचं ठरवलं, तर राष्ट्रीय संघटनेकडून दबाव यायला लागला की हे थांबवा, आणि विचार करा, तेव्हा अमेरिकेत बऱ्याच फ्रॅटर्निटींच्या नियमांत गोऱ्यांशिवाय कुणाला घ्यायचं नाही असं चक्क लिहिलेलं असायचं. पण पोरं मागे हटली नाहीत. शाखेची मान्यता गेली. मग त्यांनी फाय अल्फा साय असं नाव घेतलं आणि लोकल म्हणून चालू राहिले. विशी-बाविशीतल्या मुलांनी हे केलं, याचं मला खरंच फार कौतुक वाटतं.

आता माजी विद्यार्थी. फ्रॅटर्निटीची मेंबरशिप कॉलेज संपलं की संपत नाही, ती जन्मभराची. आणि पोरं ज्या घरात राहतात ते घर बऱ्याच ठिकाणी माजी मेंबरांच्या संस्थेच्या मालकीचं असतं, छप्पर गळलं, कर भरायचा, कर्ज काढायचं, सगळं तेच बघतात. घर असं त्यांच्या हातात असलं की वरून मान्यता गेली तरी पोरांच्या डोक्यावर छप्पर राहतं. लोकलला तर वर कुणीच नसतं, सगळी भिस्त माजी मंडळींवरच.

ॲमहर्स्टच्या विश्वस्तांनी १९८४ मध्ये सगळ्याच फ्रॅटर्निटी बंद केल्या, ही पण गेली. डार्टमथ कॉलेजात मात्र अशीच एक लोकल फ्रॅटर्निटी अजून आहे. तिथे १९५४ ला विद्यार्थ्यांनीच मतदान करून ठरवलं की भेदभावाचे नियम असलेल्या राष्ट्रीय संघटनांशी १९६० पर्यंत संबंध तोडायचे, आणि फाय सिग्मा कप्पाची तिथली शाखा १९५६ मध्येच बाहेर पडून फाय टाऊ झाली. आता तिथे मुलीही मेंबर असतात.