आधी फडकं फिरवाचं का आधी मशीन?

प्रश्न: ताई नमस्कार. आमचं खेडं दर्यापूर तालुक्यात आहे. पुढची बैठक स्लॅबची, टाईल्स लावलेली, अन् मागच्या दोन खोल्या अजून कवेलूच्याच (कौलाच्या). राखीला माझ्या भावानं व्हॅक्यूम क्लीनर दिला अन् तेव्हापासून घरात रोज एकच वाद सुरू आहे. सासूबाई म्हणतात आधी झाडून घे, मंग पुसपास कर, त्यांच्या सासूनं त्यांना तसंच शिकवलं म्हणे. मी म्हणते आधी कपाट, टीव्ही, फोटो झटकायचे अन् मशीन शेवटी. पण माझ्या पद्धतीनं केलं तरी संध्याकाळी टीव्हीवर नाव लिहिता येईल एवढी धूळ असते, अन् सासूबाई मुद्दाम तिथूनच बोट फिरवत जातात. खरं कोणाचं?

उत्तर: सूनबाई, टीव्हीवर बोट फिरवणारी सासू मलाही होती, म्हणून आधी पोटभर हसून घेतलं अन् मंग लिहायला बसली. क्रम तुमचाच बरोबर आहे बाप्पा, वरून खाली यायचं अन् जमीन शेवटी, कारण वरचं सारं शेवटी खालीच येते. पण तुमच्याच पत्रात एक शब्द आहे, "झटकायचे", तिथं सारी गडबड आहे. कोरडं फडकं झटकलं की धूळ जात नाही, ती फक्त जागा बदलते.

आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचा भाग लय, अन् चिकणमातीचा कण म्हणजे 2 मायक्रॉनहून बारीक (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपला केसच 70 मायक्रॉनच्या आसपास असते, त्यावरून अंदाज करा. 10 मायक्रॉनचा जाड कण डोक्याएवढ्या उंचीवरून खाली यायला, हवा एकदम शांत असली तर, काही मिनिटं घेते. 1 मायक्रॉनचा कण मात्र कित्येक तास नुसता तरंगत राहते. म्हणजे तुम्ही सकाळी नऊला कपाट झटकलं, सव्वानऊला मशीन फिरवली, मशीनवाल्या बिचाऱ्या जमिनीवर तोवर अर्धी धूळ आलीच नव्हती, ती दुपारी आरामात टीव्हीवर येऊन बसली. वरतून पंखा सुरू असेल तर विचारूच नका.

1901 सालची गोष्ट आहे, लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनियरनं हवा फुंकून धूळ उडवणारं एक यंत्र पाहिलं. धूळ उडायची अन् परत तिथंच बसायची. त्याच्या डोक्यात आलं की फुंकण्यापेक्षा ओढून घेतली तर? मंग त्यानं हॉटेलातल्या खुर्चीवर रुमाल ठेवला अन् तोंडानं हवा ओढून पाहिली, ठसका लागला असेल पण रुमालावर धुळीचा डाग उमटला, अन् त्यातून ही मशीन निघाली. तुम्ही घरात एवढी ओढायची मशीन आणून ठेवली अन् हातानं अजून फुंकायचंच काम करून राहिल्या.

तर फडकं ओलसर घ्या, पिळून पिळून अगदी थेंब न गळणारं. जुनी सुती बनियन चालते, मायक्रोफायबरचं असलं तर बेस्ट. एकाच दिशेनं ओढायचं, घडी बदलत राहायची, मळलं की धुवायचं. टीव्हीच्या काचेला मात्र कोरडं मायक्रोफायबरच, पाणी शिंपडू नका.

एक अडचण तुमच्याकडे आहे जी पुण्यामुंबईवाल्यांना समजणारच नाही. तुम्ही खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारं. बोअरच्या पाण्यात फडकं भिजवलं की वाळल्यावर पांढरे ओघळ दिसतात, ती धूळ नाही, मीठ अन् क्षार आहेत. सासूबाईंचं बोट कदाचित त्याच्यावरूनच फिरत असेल! काचेला, शोकेसला पिण्याच्या कॅनचं वाटीभर पाणी घ्या, पुरते, अन् लगेच कोरड्या फडक्यानं टिपा. टाईल्स पुसल्यावरही तसंच, एक हात कोरडा.

आता सासूबाईंची बाजू, कारण त्याही पूर्ण चुकल्या नाहीत. सोयाबीन निघालं अन् घराजवळ हडंबा (मळणीयंत्र) लागला की दोन तासांत टाईल्सवर चपलेचे ठसे उमटतात. अशा दिवशी तुम्ही स्टूल घेऊन घरभर फिरल्या तर पायानंच एवढी धूळ वर जाते की वरचं पुसलेलं वाया. तेव्हा आधी जमिनीवरची जाड धूळ काढून घ्यायची, मशीननंच, घाईघाईत, कोपरे सोडून. मंग वरचं. मंग थांबायचं. मंग परत जमीन नीट. ठसे दिसत नसतील तर हा पहिला हात सोडून द्या. त्यांच्या सासूच्या काळात जमीन सारवलेली, घरात शोकेस नाही टीव्ही नाही, ओल्या सारवणानं धूळ दबून बसायची, मंग आधी झाडलं काय अन् नंतर झाडलं काय. त्यांचं शिक्षण त्या घरासाठी बरोबर होतं.

अन् हे मधातलं थांबणं कोणालाच जमत नाही, म्हणून मी आमच्या घरी एक युक्ती काढली. लाईन गेली की मी फडकं हातात घेते. पंखा बंद, कूलर बंद, हवा शांत. जाळे काढायचे, पंख्याच्या पात्यावर जुनी उशीची खोळ चढवून ओढून घ्यायची म्हणजे धूळ खोळीतच राहते, डोक्यावर येत नाही, मंग कपाटावरचं, फोटो, खिडकीची चौकट, टीव्ही, शेवटी पलंग. लाईन येईपर्यंत तासभर तरी जातो अन् जाड धूळ आपोआप खाली बसते. लाईन आली की पंखा लावू नका, आधी मशीन! आतल्या कोपऱ्यातून सुरू करून दाराकडे यायचं. व्होल्टेज कमी असलं तर ओढ कमी होते, त्या दिवशी हळूहळू फिरवा, घाईनं काहीच निघत नाही. हवेतली जी एकदम बारीक उरते ती ना फडक्यात येते ना मशीनमध्ये, तिच्यासाठी दुसऱ्या दिवशी टीव्हीवर एक कोरडा हात, बस.

कवेलूच्या खोल्या वेगळ्या करा. तिथं उंदीर फिरला तरी वरून माती गळते, सकाळी पुसलं तर संध्याकाळी परत. आधी त्या खोल्या करायच्या, दार ओढून घ्यायचं, मंग पुढची बैठक. कापूस वेचून घरात टाकला असेल तर त्या खोलीत मशीन नेऊच नका. रुई ब्रशला गुंडाळते, नळीत अडकते, अन् त्या कापसानं अंगाला खाज सुटते ते वेगळंच. तिथं नाकातोंडाला रुमाल बांधून शिराईनं (झाडूनं) हळूच.

मशीनच्या मागून निघणारी हवा पण पाहून घ्या. फिल्टर साधा असला तर बारीक धूळ मागून परत बाहेर येते. खरा हेपा फिल्टर (एकदम बारीक धूळ धरणारा) 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण धरते. साधाच असला तर निदान दर वेळी डबा अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून रिकामा करा, घरातल्या बादलीत नाही. मी एकदा न्हाणीत केला होता. परत नाही केला.

प्रश्न: सारवलेल्या ओसरीवर व्हॅक्यूम चालते का? अन् चुलीची राख? आमचा पोट्टा सगळीकडे फिरवून पाहते.

उत्तर: ओसरीवर नको, वाळलेल्या सारवणाचे पापुद्रेच ओढून घेईल अन् फिल्टर अर्ध्या तासात बंद. राख तर बिलकुलच नाही. ती पिठाहून बारीक असते, साध्या फिल्टरमधून आरपार जाते, अन् आत एखादा निखारा जिता राहिला तर डब्यातली धूळ पेटू शकते. पोट्ट्याला सोफ्याच्या फटी द्या, तिथं त्याला चिल्लरही सापडेल.

प्रश्न: आम्ही वणीकडचे, रस्त्यानं दिवसभर कोळशाचे ट्रक. खिडकीचा ओटा ओल्या फडक्यानं पुसला तर आणखीच काळा होते. काय करावं?

उत्तर: तुमच्याकडे वरचं सारं उलटं. कोळशाच्या धुळीला आधी पाणी लागलं की ती लेप होऊन बसते, चुन्याच्या भिंतीला तर कायमची. म्हणून ओट्यावर, खिडकीच्या जाळीवर आधी मशीनचा मऊ ब्रश लावून ओढून घ्यायचं, घासायचं नाही, मंग उरलेलं साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं. फडकं दर खिडकीला धुवा, नाहीतर पहिल्या खिडकीचा कोळसा तिसऱ्या खिडकीला लागते. रस्त्याकडच्या खिडक्या ट्रक कमी असतात त्या वेळी उघडा अन् त्या बाजूचे पडदे काळ्या रंगाचे घेऊ नका, धूळ दिसत नाही म्हणून महिना महिना धुतलेच जात नाहीत.